शेपूला नाकं मुरडणाऱ्यांनो

बसू नका. उभेच राहा सगळे.

मधल्या सुट्टीत तुमच्यातल्या एकाने भरलेला डबा केराच्या टोपलीत उपडा केला. का? तर त्याने झाकण उघडताच तुम्ही आठ-दहा जणांनी नाकं दाबलीत, ‘शी, शेपू!’ म्हणून ओरडलात आणि त्याचा बाक सोडून लांब जाऊन बसलात. दोन भाकरी होत्या टोपलीत, आणि मूगडाळ घातलेली भाजी. शेपूची जुडी कधी हातात घेतली आहे? जाड देठ काढायचे, कोवळे ठेवायचे, माती जाईपर्यंत तीन-तीनदा धुवायचं, मग बारीक चिरायचं. त्याच्या आईने हे शाळेच्या वेळेआधी उरकलं होतं.

वास येतो म्हणे! तान्हे असताना पोट दुखून रडायचात, तेव्हा घरात ग्राइप वॉटर आणलं असेल. 1851 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ते काढलं, तेव्हापासून त्यात शेपूच्या बियांचं तेल आहे. बाळंतिणीला जेवणानंतर बाळंतशोपा देतात, तेही शेपूचंच बी. कोल्हापूरकडे गौर घरी येते त्या दिवशी तिच्यापुढे शेपूची भाजी आणि भाकरी ठेवतात. गौरीला चालतं, तुम्हाला चालत नाही?

पालेभाज्यांत लोह, क जीवनसत्त्व, कॅरोटीन असतं, हे पेपरात घोकून लिहिता. मग ताटात आल्यावर ओळखत का नाही? कॅरोटीन अंगी लागायला स्निग्धांश लागतो, म्हणून तेलात लसणाची फोडणी. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून शेपू फार वेळ रटरटवायचा नाही. वरून लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं. स्वीडनमध्ये उकडलेल्या नव्या बटाट्यांवर हाच शेपू कच्चा चिरून घालतात. त्यांनाही नाकं आहेत.

आणि तू. मान वर कर. चार जण हसले म्हणून आईच्या हातचं अन्न फेकतोस? त्यांच्यापेक्षा तुझा राग मला जास्त आला आहे. घरी जाऊन आईला काय सांगणार आहेस, डबा संपवला म्हणून?

उद्या शेपूची भाजी मी करून आणणार आहे, भाकरी तुम्ही आणायची. नाकं दाबणारे सगळे याच्याच बाकाभोवती बसतील. आता ती टोपली उचला, भाजी-भाकरी बागेतल्या खतखड्ड्यात घाला. त्याआधी त्याची माफी मागा. मोठ्याने. मला ऐकू आली पाहिजे.