इच्छा कोणाची, कर्तव्य कोणाचे?

दुसऱ्याने अमुक रीतीने वागावे, अशी इच्छा ज्याच्या मनात कधी उठत नाही असा मनुष्य विरळा. मुलाने आपल्याजवळ राहावे, सुनेने घराची रीत सांभाळावी, शेजाऱ्याने सलोख्याने वागावे, असे आपण सर्वच म्हणत असतो. या इच्छेत दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. जेथे माया तेथे अपेक्षा असावयाचीच. प्रश्न एवढाच, की ती इच्छा आपण कोणत्या रूपाने बोलून दाखवितो.

'मुलाने जवळ राहावे' या वाक्यात मुलगा आहे, त्याचे राहणे आहे. इच्छा करणारा मात्र कोठेच नाही. क्रियापदाच्या या रूपास आपले व्याकरण विध्यर्थ म्हणते, आणि 'खरे बोलावे' असे कर्तव्य सांगावयाचे झाले तरी तेच रूप योजते. परिणामी बापाची आवड आणि धर्माची आज्ञा एकाच वेषात मुलापुढे उभ्या राहतात. 'पाहिजे' या शब्दाचेही तसेच. 'मला पाणी पाहिजे' ही गरज. 'तू आले पाहिजेस' ही सक्ती. आमच्या हैदराबादेत शेजारच्या तेलुगूचाही हाच अनुभव येतो: 'नीळ्ळु कावाली' म्हणजे पाणी हवे, आणि त्याच प्रत्ययाने झालेले 'रावाली' म्हणजे आले पाहिजे. हवे आणि पाहिजे यांमधील कुंपण असे आपल्या बोलण्यातच ठेंगणे आहे.

याच्या उलट जपानी भाषेची रीत पाहण्यासारखी आहे. तेथे 'किते होशी' म्हटले, की 'तू यावेस असे मला हवे आहे' एवढाच अर्थ होतो. ती इच्छा बोलणाऱ्याचीच राहते. यावेच लागेल असे सांगावयाचे तर रचना निराळी. तिचा शब्दशः अर्थ 'न आल्यास चालणार नाही' असा. 'किते मोराइताई' या तिसऱ्या रचनेत तर 'मोराऊ', म्हणजे मिळणे, हे क्रियापद येते. तुझे येणे मला मिळावे, असा तिचा भाव. तेथे इच्छा करणारा याचक होतो.

ही वृत्ती आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. ज्ञानेश्वरीची समाप्ती शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये झाली. तिच्या अखेरीस येणारे पसायदान आपण नित्य म्हणतो. दुर्जनांचे वाकडेपण जावे, सत्कर्माची त्यांना आवड लागावी, ही दुसऱ्यांच्या वर्तनाविषयीचीच इच्छा होय. पण ज्ञानदेव दुर्जनांस दरडावीत नाहीत. विश्वात्मक देवापुढे ते ती गोष्ट स्वतःसाठी प्रसाद म्हणून मागतात. मागणारा कोण, हे तेथे उघड आहे.

येथे कोणी विचारील, मग कर्तव्य सांगूच नये काय? अवश्य सांगावे. मद्य पिऊन वाहन चालवू नये, हे वाक्य बोलणारा कोणीही असला तरी खरेच राहते. परंतु 'मुलाने हैदराबाद सोडून जाऊ नये' या वाक्यातून बोलणाऱ्यास वगळले, तर मागे काय उरते? आमच्या मते हीच कसोटी होय. बोलणारा वगळूनही जे टिकते ते कर्तव्य. जे टिकत नाही ती आपली इच्छा, आणि ती 'मला असे वाटते' या शब्दांनीच सांगावी.

एवढ्यानेही सर्व साधत नाही. 'मला वाटते' म्हणून पुढे डोळ्यांत पाणी आणले, तर तीही आज्ञाच ठरते. मागणे खरे केव्हा? नकार मिळाला तरी ज्याच्या मनात कटुता येत नाही, तेव्हा. वडीलधाऱ्यांनी आपली इच्छा आपल्या नावाने सांगितली, तर धाकट्यांस ती मोकळ्या मनाने ऐकता येते. आणि तिचा मान राखला, तर तो धाक नसून प्रेम असते. घरातील वडिलकीची शोभा यातच आहे, असे आम्हांस वाटते.