खांदा कोणाचा शेकायचा?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या आसपासच्या गावांत बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद घेऊन मानेवरची राठ जागा हलक्या हाताने चोळायची. वर्षभर जू तिथेच घासलेलं असतं. शिंगांना रंग, पाठीवर झूल, पुरणाचा घास हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. पहिला मान मात्र खांद्याचा.

आर्वी, आष्टी, कारंजा हा पट्टा गवळाऊ बैलांचं माहेर. पांढरा-करडा रंग, हलकी चण आणि चाल झपाझप. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगरवाटांनी भरभर हलवायचं काम या बैलांनी केलं, असं या जातीचा इतिहास सांगतो. ओढणारा प्राणी अख्खा असतो, पण ओढण्याचा सगळा ताण एका तळहाताएवढ्या जागेवर येतो, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

फोर बाय फोर गाडीलाही असा एक खांदा असतो. त्याचं नाव ट्रान्सफर केस.

गिअरबॉक्समधून आलेली ताकद ही पेटी पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटते. लो गिअर टाकला की वेग घटतो आणि जोर वाढतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं गणित पाहावं. पहिला गिअर २.६६ पट, ट्रान्सफर केसचा लो १.९७ पट, एक्सलचे दाते ४.८८ पट. गुणाकार पंचवीसच्या पुढे जातो. इंजिनाने दिलेला पीळ चाकांपर्यंत पोचेतो पंचवीसपट होतो आणि त्यातला एक्सलच्या आधीचा वाटा या पेटीला सोसावा लागतो. त्या जीपच्या पेटीतली मधली दांडी पाऊण इंच जाडीची होती. पुढच्या वर्षांत ती वाढत वाढत सव्वा इंचावर गेली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी याच घराण्यातली जीप मुंबईत जोडायला घेतली, आणि ही पेटी भारतीय मिस्त्रींच्या चांगल्या ओळखीची झाली.

मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली. बोर आणि ताडोबाच्या सफारीमुळे विदर्भात ती पोराटोरांच्याही ओळखीची आहे. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती वेगळी, अॅल्युमिनियमची, रबराच्या माउंटवर चासीला टांगलेली असते. रोजच्या वापरात याचा काही त्रास नाही. हौशी लोक मात्र मोठे टायर चढवतात, मग ते फिरवायला जोर कमी पडतो म्हणून आतले दाते बदलतात. मुळात सव्वादोनपट असलेला लो गिअर चारपट, कधी सहापटही करतात. चाकं दगडात अडकली की पीळ उलटा पेटीवर येतो, पेटीच गरकन फिरू पाहते, आणि तिला धरून ठेवणारे अॅल्युमिनियमचे कान तडकतात.

यावर उपाय ठरलेला आहे. लोखंडी पाळणा करून पेटी चासीला घट्ट आवळायची. कान वाचतात. पुढच्या खेपेला मागच्या एक्सलची दांडी तुटते. ती जाड केली की पुढच्या चाकातला जॉइंट जातो. भार काही नाहीसा होत नाही, तो पुढच्या घरी मुक्कामाला जातो.

इथून पुढचा प्रश्न मिस्त्रीच्या पान्याने सुटणारा नाही. मजबुती नेमकी कुठे असते? मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या पाली संवादात याच जातीचा प्रश्न येतो. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतात, आख म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू? लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? ‘रथ’ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव, असं तात्पर्य निघतं. मजबुतीलाही हेच लागू करता येईल. ती दांडीत नाही, दात्यांत नाही, लोखंडी पाळण्यातही नाही. या सगळ्यांत, टायरच्या उंचीत, चालवणाऱ्याच्या पायात आणि खालच्या जमिनीत मिळून ती असते.

जमीन म्हणताना अतिशयोक्ती नाही. अशा साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचे आणि मागचे शाफ्ट एकाच गतीने फिरायला बांधलेले असतात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात. आर्वीच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाक थोडं घसरतं आणि हा फरक चिखलात जिरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र चाक घसरत नाही. पीळ शाफ्टमध्ये आणि पेटीत साठत जातो, गिअर निघता निघत नाही. ज्या चिखलात गाडी फसते तोच चिखल पेटीला वाचवतो, आणि ज्या रस्त्याला आपण चांगला म्हणतो तो तिला पिळतो.

पण नागसेनांच्या युक्तिवादात एक जागा रिकामी राहते. त्यांचा रथ वाटेत मोडत नाही. उभ्या रथात कुठला भाग म्हणजे रथ, हा वाद खुशाल घालता येतो. रथ मोडला की कुठलातरी एक भागच मोडलेला असतो, आणि बोट त्याच्याकडेच जातं. अख्ख्या जुळणीने दिलेला ताण एकट्याच्या नावावर चढतो आणि ‘तोच कच्चा होता’ असा निकाल लागतो.

तुटणारा भाग आधीच ठरवून ठेवायची सोयही यंत्रांत असते. ट्रॅक्टरच्या कितीतरी रोटाव्हेटरांना शेअर बोल्ट असतो. पात्यात दगड अडकला की हा स्वस्तातला बोल्ट कापला जातो आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. शेतकरी दुसरा बोल्ट घालून पुन्हा कामाला लागतो. चिडून त्या जागी जास्त कडक बोल्ट ठोकणाराही भेटतो. मग पुढचा दगड थेट गिअरबॉक्सचा हिशोब करतो.

बोल्टला दुखत नाही म्हणून हे निर्धोक. माणसांच्या जुळणीतही असे बोल्ट ठरलेले असतात. नापिकीच्या वर्षी सालगड्याचं काम आधी सुटतं, घरात पैसा आटला की मुलीची शाळा आधी सुटते. वरचा गिअरबॉक्स शाबूत राहतो, आणि त्याला घराचा टिकाऊपणा म्हणतात. धर्माचा खरा प्रश्न इथे उभा राहतो: ज्याला तुटायला नेमलं त्याचं आपण काय देणं लागतो? त्याला आणखी कडक करणं हे एक उत्तर. त्याच्यावरचा भारच कमी करणं हे दुसरं. पहिल्याला पैसा लागतो, दुसऱ्यासाठी हौस आवरावी लागते.

गांधीजींनी यंत्राकडे पाहताना तुटण्याचा हिशोब सोडला नव्हता. १९२९ मध्ये त्यांच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, नीट दुरुस्ती होत राहिली तर यंत्र वीस वर्षं चालावं आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, अशा अटी होत्या. न मोडणारं यंत्र कुणी मागितलं नव्हतं. ते मोडणार हे धरलेलं होतं. मोडल्यावर कातणाऱ्याचं घर मोडू नये, एवढीच काळजी होती. बक्षीस शेवटपर्यंत कुणाला मिळालं नाही.

तुटण्याचा हा हिशोब खांदा शेकणाऱ्यालाही ठाऊक असतो. तूप लावल्याने बैल काही जास्त ओढू लागत नाही. पण हात फिरवताना कातडीखालची गाठ लागते, जू एका बाजूला जास्त बसतंय हे कळतं, आणि दोर बदलायचा की बैलाला चार दिवस बसवायचं हे ठरतं.

पावसाआधी गॅरेजात आलेल्या जिप्सीखाली मिस्त्री पाठीवर सरकतो, तेव्हा त्याचे हात साधारण तेच करत असतात. पेटीच्या कानांवरची तेलकट माती तो चिंधीने पुसतो, चीर शोधत बोट फिरवतो, रबर दाबून पाहतो, तेलाचा बोल्ट उघडून करंगळी आत घालतो. बोटाला लागलेल्या तेलात चमकणारा कीस दिसला तर तो उजेडात धरतो. गाडीमालक वरून विचारत असतो, दाते सहापटीचे टाकले तर चालेल का? मिस्त्री खालूनच विचारतो, गाडी न्यायची कुठं आहे?