बाण कुठे जुळतात ते आधी बघ

अक्कलकोट

चि. मेघना हिस,


पत्र मिळालं. एम. एस्सी.च्या प्रकल्पाला घातांकी बेरजा घेतल्यास, याचा फार आनंद झाला. व्हान डर कॉर्पुटची पद्धत पाठ आहे, पण ती चालते का ते कळत नाही, असं लिहिलं आहेस. मग पुस्तक तूर्त मिटून ठेव आणि वही काढ.

घातांकी बेरजेतलं प्रत्येक पद म्हणजे एक पाऊल. वटवृक्ष मंदिराच्या पटांगणात एकाच लांबीची अशी हजार पावलं टाकायची आहेत, असं समज. न-व्या पावलाची दिशा ठरते न² भागिले २०० इतक्या फेऱ्यांनी. शेवटी आपण सुरुवातीपासून किती लांब असू? दिशा मनमानी असत्या तर अंतर हजाराच्या वर्गमुळाइतकं, बत्तिसेक पावलं आलं असतं. तुझ्या मसुद्यात हाच अंदाज न तपासता गृहीत धरला आहेस. या बेरजेत तो खोटा ठरतो. उत्तर येतं बरोबर १००.

का, ते दोन जागी पाहा. पन्नासाव्या पावलानंतर पुढचं पाऊल १८१.८ अंशांनी वळतं, म्हणजे जवळजवळ उलटं. आत्ता मिळवलेलं लगेच पुसलं जातं. शंभराव्यानंतरचं वळण ३६१.८ अंशांचं, म्हणजे खरं तर १.८ अंशच. तिथे आजूबाजूची पावलं एकाच दिशेला पडतात आणि साचतात. वळण पूर्ण फेऱ्यांत मोजता येईल अशा जागा १००, २०० पासून १००० पर्यंत दहा. अशा प्रत्येक जागेची देणगी दहाच्या आसपास, आणि इथे दहाही एकाच दिशेच्या. हजार पदांची बेरीज दहा पदांवर आली. व्हान डर कॉर्पुटची पद्धत म्हणजे हेच : लांब बेरजेच्या जागी छोटी बेरीज, आणि सोबत उरलेल्या त्रुटीचा हिशेब. हार्डी आणि लिटलवुड यांनी वर्गांच्या बेरजांसाठी हे १९१४ सालीच दाखवलं होतं.

त्रुटीबद्दल मात्र मी हट्टाने सांगेन. ‘सुमारे’ असं लिहून पुढे जायचं नाही. किती सुमारे, कुठल्या मर्यादेत, आणि टोकाच्या पदाचं काय, हे लिहिल्याशिवाय अनंतस्पर्शी सूत्र पुरं होत नाही. वरच्या उदाहरणात १००० हे टोकच साचण्याच्या जागी आहे. तिथली अर्धीच रास आपल्या वाट्याला येते, आणि उरलेली अर्धी सुरुवातीच्या पावलांतून. माझ्या मते प्रकल्पाची खरी परीक्षा इथेच आहे.

मंगला नारळीकर यांचं नाव तुला ‘गणितगप्पा’ या पुस्तकामुळे माहीत असेल. त्यांचं संशोधन तुझ्या विषयाच्या शेजारचंच. १९८१ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली, आणि त्याच वर्षी हर्विट्झच्या झीटा फलनाच्या वर्गाच्या सरासरीवर त्यांचा निबंध आला. अशा कामात वर्ग उलगडला की पदाचा स्वतःशी झालेला गुणाकार मुख्य पद देतो. बाकीची फिरती पदं किती लहान राहतात, हे दाखवण्यातच सगळे कष्ट. त्यांचं लग्न झालं, तीन मुली झाल्या, मग ही पीएच.डी. झाली. तुला घरून ‘आता पुरे’ असं ऐकावं लागतं म्हणून आठवण दिली. उशीर झालाय असं मनात आणू नकोस.

वेळ लागतो तो लागतोच. गाऊसची वर्गांची बेरीज किती मोठी आहे ते लगेच कळतं, पण तिची नेमकी दिशा सिद्ध करायला खुद्द गाऊसला १८०१ पासून १८०५ पर्यंत थांबावं लागलं.

संगणकावर आलेख काढशील तो चांगलाच, पण त्याआधी ही बेरीज हाताने कर. ० ते ४ पर्यंतच्या संख्यांचे वर्ग घे, प्रत्येकाला पाचाने भागून तितके फेरे फिरवलेले बाण काढ आणि मिळव. १ अधिक ४ कोसाइन ७२ अंश, म्हणजे २.२३६, पाचाचं वर्गमूळ. मग पाचाऐवजी सात घे. यावेळी वास्तव भाग शून्य होईल, घाबरू नकोस. पानभर आकडेमोड तशीच पाठव, खाडाखोडीसकट.

तुझे
सर