पुळण की बीच?

आसूदच्या पोफळीच्या बागा मागे पडल्या की दापोलीचा रस्ता हर्णैला येतो. समोर समुद्र, समुद्रात सुवर्णदुर्ग. गाडीतली माणसं इथे हमखास 'काय सुंदर!' म्हणतात; मीही म्हटलं आहे. पण संध्याकाळी लिलाव सुरू झाला की कळतं, आपण कुणाच्या तरी कामाच्या जागेवर उभे आहोत. मासळीच्या पाट्या उतरतात, भाव पुकारले जातात, बर्फ फोडला जातो. हातात मोबाईल धरून उभा असलेला पाहुणा या धांदलीत हमखास कुणाच्या तरी वाटेत येतो.

किनाऱ्यावरचा माणूस या वाळूला पुळण म्हणतो, जिथे होड्या लागतात त्याला बंदर. आपण दोन्हींना 'बीच' म्हणू लागलो. हा फरक मला किरकोळ वाटत नाही. बंदर म्हटलं की होडी, जाळं, देणंघेणं आठवतं. बीच म्हटलं की फक्त आपली सुट्टी. मग सुकत घातलेल्या मासळीचा वास 'घाण' ठरतो आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या फोटोच्या आड येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा त्याच होड्या पुळणीवर शाकारून ठेवतात, जाळी दुरुस्त होतात. पाहुण्याला किनारा ओस वाटतो, पण कोळ्याची पुढच्या हंगामाची तयारी तिथेच चाललेली असते.

पुढे आंजर्ले, केळशी करत वेळासला गेलं की याच वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात. गावकरी ती राखतात. कासवांनाही पुळणच लागते, मोकळी आणि अंधारी.

बाणकोटला रस्ता सावित्रीच्या खाडीपाशी संपतो आणि गाडी फेरीबोटीवर चढते. रेवस ते रेडी सागरी महामार्ग पुरा झाला की असे थांबे राहणार नाहीत. पूल नकोत असं मी म्हणणार नाही. रात्री आजाऱ्याला पलीकडे न्यायचं तर फेरीची वाट कोण पाहत बसेल? पण रस्ता आखताना मासळी कुठे सुकणार, बर्फाचा टेम्पो कुठे उभा राहणार, होडी कुठून वर ओढणार, हे कोळीवाड्याला आधी विचारलं पाहिजे. दृश्य कुठून चांगलं दिसेल, हा प्रश्न त्यानंतरचा.

हर्णैला गेलात तर गाडी वर रस्त्यालाच ठेवा, वाळूत घालू नका. खाली जाळी वाळत घातलेली असतात.