आपत्ती, कर्मफल आणि जीवदया

‘अमक्याचे घर समुद्राने नेले, ते त्याच्या कर्मानेच नेले,’ असे उद्गार आपल्या मंडळींत पुष्कळदा सहज ऐकू येतात. जीव आपल्या कृतकर्मांची फळे भोगतो, हा सिद्धान्त आपणांस मान्यच आहे. तथापि ‘मग आपण त्यात का पडावे?’ हा निष्कर्ष त्यातून निघतो काय, याचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

विषय नुसत्या तर्काचा राहू नये म्हणून मालवण किनाऱ्याचा दाखला घेऊ. कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या अरुंद पट्टीवर देवबाग हे गाव वसले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ वादळ किनाऱ्यास न धडकता पश्चिमेकडे गेले, तरी त्याने उसळलेले पाणी येथील वस्तीत शिरले. पुढे १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून समुद्रातूनच उत्तरेस सरकले व दुसऱ्या दिवशी गुजरातेत भूमीवर आले. तेवढ्या अवधीत आंब्याची कलमे मोडली, माड उन्मळले, विजेचे खांब कोसळून गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. देवगडच्या बंदरात नौका बुडाल्या आणि खलाशांचे प्राण गेले. ज्यांची छपरे उडाली त्यांच्यापुढे पावसाळा अवघ्या काही आठवड्यांवर उभा होता.

येथे पूर्वपक्षी म्हणेल की, भोग अटळ असेल तर साहाय्य करणे म्हणजे कर्मफलात ढवळाढवळ होय. यास उत्तर असे. कोणत्या जीवाचे कोणते कर्म कोणत्या क्षणी फळास आले, हे सर्वज्ञासच ठाऊक. त्याच वाऱ्याने सदाचाऱ्याचे व दुराचाऱ्याचे छप्पर एकाच रात्री उडविले. आपण मात्र पडलेली भिंत पाहून घरधन्याचे पाप वाचू लागतो. हे ज्ञान नव्हे, ज्ञानाचा अहंकार होय.

लीळाचरित्रातील सशाची लीळा आपणा सर्वांस परिचित आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आला. त्याचे पूर्वकर्म स्वामींस अज्ञात होते असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी ते काढले नाही. शरण आलेल्यास अभय दिले आणि पारध्यांस हिंसेपासून परावृत्त केले. जेथे जाणणाऱ्याने हिशेब मांडला नाही, तेथे न जाणणाऱ्या आपण तो कोणत्या अधिकाराने मांडावा?

यावरून कर्मसिद्धान्ताचा विनियोग स्पष्ट होतो. तो स्वतःच्या दुःखास लावला असता धैर्य देतो, तर दुसऱ्याच्या दुःखास लावला असता निष्ठुरता शिकवितो. माझे घर गेले तर ‘माझा भोग’ म्हणून मी शांत राहावे. शेजाऱ्याचे गेले तर कौले वाहावयास जावे. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे अनेक हात मिळून ओढतात. दोर धरणाऱ्यास कोणी त्याचे पूर्वकर्म विचारत नाही. ओढणाऱ्यास वाटा मिळतो. शिवाय हात आखडून उभे राहणे हेही एक कर्मच आहे, आणि त्याचे फळ उभे राहणाऱ्याचेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वारा व पाणी हा जड प्रपंच होय. त्यांत परमेश्वराचा कोप पाहणे हा त्याच्या कृपाळूपणाचा अपलाप आहे. उलट अलीकडच्या दशकांत अरबी समुद्र अधिक तापत आहे आणि तेथील वादळांस बळ मिळत आहे, यात मनुष्याच्या करणीचा वाटा आहे. पुळणीवरील वाळू धरून ठेवणाऱ्या वेलीस कोकणात मर्यादवेल म्हणतात. ती वेल उपटणे, वाळू उपसणे, खाडीकाठचे कांदळवन तोडणे ही आजची, आपल्या हातची कर्मे आहेत. ती सोडता येतात. पूर्वकर्माकडे बोट दाखवून त्यांवर पांघरूण घालू नये.

म्हणून अशा प्रसंगी वासनिकांनी धान्य, वस्त्र, ताडपत्री यथाशक्ति पोहोचवावी. भिक्षुकांपाशी द्रव्य नसते, परंतु रुग्णाजवळ बसण्यास, भेदरलेल्या म्हाताऱ्यास धीर देण्यास द्रव्य लागत नाही. आणि साहाय्य करताना त्या घरच्यांस त्यांच्या कर्माची आठवण करून देऊ नये.