आयएसओ ४००

“आयएसओ ४०० च्या वर नेऊ नकोस, नॉइज येतो,” मी मामेभावाला ठामपणे सांगितलं होतं. त्यानं ऐकलं. ताईच्या हळदीला, हॉलच्या मिणमिणत्या उजेडात शटर १/१५ सेकंदावर उतरलं आणि नाचणारी सगळी माणसं फराटे झाली. हळद काही पुन्हा होत नाही.

ते वाक्य मी नेटवर दहा ठिकाणी वाचलं होतं. दहाही जणांनी ते एकमेकांकडूनच उचललं असेल, हे सुचलं नाही. नंतर ट्रायपॉड लावून, शटर-अ‍ॅपर्चर तेच ठेवून दोन रॉ फोटो काढले: एक १०० वर, एक १६०० वर. १०० वाला कम्प्युटरवर चार स्टॉप उजळला, तर माझ्या जुन्या कॅमेऱ्यात सावल्यांमधला नॉइज उलट त्यातच जास्त! मूळ दुखणं कमी प्रकाशाचं. दहा मिनिटांचं काम होतं हे.

मी खोटं बोललो नव्हतो. पण ‘असं वाचलंय’ म्हणायच्या जागी ‘असं असतं’ म्हणालो, आणि माझ्या मते दोष तिथेच आहे. आता कुणी कितीही ठासून लिहिलं तरी मी आधी बघतो, कॅमेरा कुठला, शटर किती, हे दिलंय का? म्हणजे घरी करून बघून त्याला खोटं पाडता येईल का?

मामेभाऊ रागावला नाही. फक्त हल्ली काही विचारत नाही.