घट, कडता, वांधा

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या आद्याक्षरांतून ‘कसमादे’ हा शब्द लोकांनीच घडवला. सरकारदप्तरी असा जिल्हा नाही, पण शब्दाच्या अर्थावरून तिथे कोणाचे दुमत नाही. याच पट्ट्यातल्या कांद्याच्या व्यवहारातले शब्द मात्र इतके सरळ नाहीत.

‘घट’ हा त्यातला प्रामाणिक शब्द. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा चाळीत पडून राहिला की सुकतो, सडतो, कोंब धरतो, वजन उतरते. हे नुकसान निसर्गाचे. ‘कडता’ म्हणजे काट्यावर क्विंटलमागे किलो-दोन किलो आधीच वजा करणे. पुढे घट येणारच, असे कारण त्यासाठी दिले जाते. कायद्याला कडता मान्य नाही. निसर्गाच्या नावावर माणसाने केलेली ही वजाबाकी आहे.

सर्वांत अवघड शब्द ‘वांधा’. लिलावात बोली लागते ती ट्रॉलीत वर दिसणाऱ्या कांद्यावर. माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा होताना खालून जोडकांदा किंवा काजळी धरलेला कांदा निघाला, की ठरलेल्या भावाला हरकत घेतली जाते. याला वांधा काढणे म्हणतात. वांधा निघतो तेव्हा दिलेला शब्द कोणीतरी मोडलेला असतो. निवडक माल वर आणि खराब माल खाली भरणाऱ्या शेतकऱ्याने तो मोडलेला असू शकतो. दुपारी बाजार उतरल्याचे कळल्यावर ज्याला अचानक काजळी दिसू लागते, त्या व्यापाऱ्यानेही. निवाड्यासाठी वांधा समिती असते. पण अर्धी ट्रॉली जमिनीवर ओतली गेल्यावर दोघांची ताकद सारखी राहत नाही. माल पुन्हा भरायची मजुरी, परतीचे डिझेल, उद्याचा अनिश्चित भाव हा सगळा हिशेब शेतकऱ्यालाच करावा लागतो. म्हणून कोणत्या दोषाला किती रुपये कमी होतील, हे बोली लागण्याआधी सांगितलेले असले पाहिजे. मागाहून लावलेला अर्थ म्हणजे अन्याय, मग माल कितीही वाईट असो.

दिल्लीहून येणारा शब्द आहे ‘किंमत स्थिरीकरण’. त्यासाठी 2014-15 मध्ये केंद्राने स्वतंत्र निधी उभारला. भाव चढले तेव्हा हा शब्द जोरात चालला: ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क आले, 8 डिसेंबरला निर्यातबंदी झाली आणि ती 4 मे 2024 रोजी उठली, तीही किमान निर्यातमूल्य टनाला 550 डॉलर ठेवून. शहरातल्या गरिबाला कांदा परवडावा, ही काळजी खोटी नव्हे. पण 2018 च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 750 किलो कांद्याचे आलेले 1064 रुपये पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवले, तेव्हा किलोचा भाव दीड रुपयाच्याही खाली होता. इतका कोसळलेला भाव सावरणे हेही स्थिरीकरणच होते, आणि ते त्या शेतकऱ्यापर्यंत पोचले नाही.

वर छत आणि खाली जमीन, दोन्ही असतील तरच भाव स्थिर म्हणता येतो. फक्त छतच बांधले जात असेल, तर त्याला कांदा पिकवणाऱ्याचा शब्द वापरावा: भाव पाडणे.